विश्लेषण : निवेदन दिले, पण दखल घेतली जाईल का?

जिल्हाधिकारी कार्यालय असो वा पंचायत समिती, तिथे रोज निवेदने येतात. काहींवर कार्यवाही होते, बरीच 'दप्तरी दाखल' होतात. हा फरक कशामुळे पडतो?

राळेगणसिद्धीचे पत्र काय सांगते?

सुपरमार्केटमध्ये वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने 27 जानेवारी 2022 रोजी घेतला. त्याविरोधात अण्णा हजारे यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून 14 फेब्रुवारीपासून उपोषणाचा इशारा दिला. नागरिकांच्या हरकती-सूचना मागवूनच अंतिम निर्णय घेण्याचे आश्वासन सरकारने दिले आणि आदल्या दिवशी उपोषण स्थगित झाले. अण्णांच्या नावाचे वजन होतेच. पण कोणता निर्णय, तो बदलण्याचा अधिकार कोणाला, मागणी काय आणि मुदत कधीपर्यंत, हे चारही मुद्दे स्पष्ट होते.

निवेदनात काय असावे?

- अधिकार कोणाचा? गावातील अंतर्गत रस्ता ग्रामपंचायतीचा, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा. पत्ता चुकला तर अर्ज नुसता टेबलांवरून फिरतो.
- एक विषय, एक मागणी. रस्ता, पाणी आणि वीज एकाच अर्जात नको.
- पुरावा. 'लोकांचे हाल होतात' एवढे पुरत नाही. टँकर कोणत्या तारखांना आला नाही, किती कुटुंबे आहेत, ते लिहा. फोटो, ग्रामसभेचा ठराव जोडा.
- आधार. शासन निर्णयाचा क्रमांक व तारीख 'संदर्भ' म्हणून द्या.
- पोच. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पुढचा सारा पाठपुरावा त्यावरच होतो.

उत्तर आले नाही तर?

राज्याचा 'दफ्तर दिरंगाई' कायदा 1 जुलै 2006 पासून लागू आहे. त्यानुसार सर्वसाधारणपणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या 7 दिवसांपेक्षा जास्त थांबू नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची नसेल तर 45 दिवसांत, पाठवायची असेल तर 3 महिन्यांत निर्णय अपेक्षित आहे. न्यायप्रविष्ट बाबींसारखे काही अपवाद आहेत.

आधी या कायद्याचा उल्लेख करून स्मरणपत्र द्या. तरीही हालचाल नसेल तर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज करा. राज्याच्या नियमानुसार तो एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा. 'आवक क्रमांक अमुकच्या अर्जावर काय कार्यवाही झाली? फाइल कोणाकडे किती दिवस होती?' एवढेच विचारा. उत्तराची मुदत 30 दिवस आहे.