नेटवर्क लेबल (ओव्हर्ट)

नेटवर्क लेबल ही ओव्हर्ट या मुक्त स्रोत आभासीकरण प्रणालीतील एक सुविधा आहे. एकाच प्रकारच्या अनेक तार्किक नेटवर्कना एक समान खूण देऊन, तीच खूण यजमान संगणकाच्या भौतिक नेटवर्क इंटरफेसला दिली की ती सर्व नेटवर्क त्या इंटरफेसशी आपोआप जोडली जातात. ही सुविधा २०१४ साली ओव्हर्टच्या ३.४ या आवृत्तीत आली. तिच्यासाठी 'यजमान नेटवर्क मांडणी' या संवादचौकटीत बदल करावे लागले. प्रस्तुत लेखात 'इंटरफेस' हा शब्द केवळ नेटवर्कच्या भौतिक जोडणीसाठी वापरला असून, प्रशासकाला दिसणाऱ्या रचनेस 'पडदा' असे म्हटले आहे.

पार्श्वभूमी

ओव्हर्ट ही केव्हीएम या तंत्रावर आधारित आभासी यंत्रांचे व्यवस्थापन करणारी प्रणाली आहे. तिचे मूळ कुमरानेट या कंपनीच्या उत्पादनात असून, रेड हॅटने ही कंपनी २००८ साली विकत घेतली. प्रणालीचे दोन मुख्य भाग आहेत. मध्यवर्ती 'इंजिन' निर्णय नोंदवते आणि आदेश देते. प्रत्येक यजमानावरील 'व्हीडीएसएम' हा घटक त्या आदेशांची अंमलबजावणी करतो.

प्रशासक प्रथम तार्किक नेटवर्कची व्याख्या करतो, उदाहरणार्थ साठवणुकीचे, स्थलांतराचे किंवा कार्यालयीन वापराचे नेटवर्क. एकाच तारेवरून अनेक नेटवर्क वेगवेगळी ठेवण्यासाठी व्हीलॅन क्रमांक वापरतात. ८०२.१क्यू मानकानुसार हा क्रमांक १२ बिटांचा असून त्यातील ४०९४ मूल्ये वापरता येतात. व्याख्या केलेले नेटवर्क प्रत्यक्ष वाहते होण्यासाठी ते प्रत्येक यजमानावरील एखाद्या इंटरफेसशी जोडावे लागते.

लेबलाची आवश्यकता

जुन्या पद्धतीत प्रशासक यजमानाची चौकट उघडून एकेक नेटवर्क माउसने ओढून योग्य इंटरफेसवर ठेवत असे. यजमान दोन-तीन असतील तर हे काम सोपे असते. मात्र २० यजमान आणि १५ नेटवर्क असल्यास अशा ३०० जोडण्या कराव्या लागतात. लेबल वापरल्यास १५ नेटवर्कना एकदा आणि २० यजमानांच्या इंटरफेसना एकदा, अशा ३५ नोंदी पुरतात. पुढे सोळावे नेटवर्क आले तर जुन्या पद्धतीने आणखी २० जोडण्या लागतात. लेबलाच्या पद्धतीत एक नोंद पुरते.

नाशिक जिल्ह्यातील देवळा परिसरातील वाचकांना बाजार समितीच्या आवारातील एक दृष्टान्त जवळचा वाटेल. प्रत्येक गोणी कोणत्या गाडीत चढवायची हे हमालाला वेगवेगळे सांगण्याऐवजी गोणीवर आणि गाडीवर एकच खूण केली, तर हमाल केवळ खूण पाहून काम करतो. खूण चुकली तर मात्र सगळा माल चुकीच्या गाडीत जातो. लेबलाची सोय आणि त्याचा धोका या दोन्ही गोष्टी या दृष्टान्तात येतात.

नियम

* एका नेटवर्कला एकच लेबल देता येते.
* एका इंटरफेसवर अनेक लेबले असू शकतात. परंतु एका यजमानावर एक लेबल एकाच इंटरफेसला देता येते. अन्यथा नेटवर्क कोठे जोडायचे हे प्रणालीला ठरवता येणार नाही.
* अनेक इंटरफेस एकत्र बांधून केलेल्या 'बाँड'मध्ये लेबल बाँडलाच लागते, त्यातील सुट्या इंटरफेसला नाही.
* लेबलात केवळ इंग्रजी अक्षरे, अंक, संयोगचिन्ह आणि अधोरेखा चालतात. देवनागरी लेबल स्वीकारले जात नाही. त्यामुळे मराठी प्रशासकाने छोटे रोमन लेबल निवडून त्याचा अर्थ नेटवर्कच्या वर्णनात मराठीत नोंदवणे सोयीचे ठरते.

पडद्याची रचना

'यजमान नेटवर्क मांडणी' या चौकटीत एका बाजूस यजमानाचे इंटरफेस, त्यांच्यालगत जोडलेली नेटवर्क आणि उजवीकडे न जोडलेली नेटवर्क दिसतात. न जोडलेल्यांत 'आवश्यक' आणि 'ऐच्छिक' असे गट असतात. लेबलांची भर पडल्यावर उजव्या बाजूस नेटवर्कांच्या जोडीने लेबलांचीही स्वतंत्र यादी आली. त्या यादीतील लेबल ओढून इंटरफेसवर ठेवले की त्या लेबलाची नेटवर्क त्या इंटरफेसवर येतात.

या रचनेतील मुख्य प्रश्न असा होता की, इंटरफेसवर दिसणारे नेटवर्क तेथे कोणत्या कारणाने आले आहे? हाताने जोडलेले नेटवर्क हाताने काढता येते. लेबलामुळे आलेले नेटवर्क एकटे काढता येत नाही. त्यासाठी लेबल काढावे किंवा बदलावे लागते. दोन्ही प्रकार पडद्यावर सारखेच दिसले, तर एक काढता येते आणि दुसरे का निघत नाही, हे प्रशासकाला उमगणार नाही. म्हणून जोडणीचे मूळ पडद्यावर स्पष्ट दिसणे ही या रचनेची पहिली अट ठरते.

दुसरा प्रश्न परस्परविरोधाचा आहे. एका इंटरफेसवर व्हीलॅन क्रमांक नसलेले एकच नेटवर्क ठेवता येते. अशी दोन नेटवर्क एकाच लेबलाखाली असतील, तर ते लेबल त्या इंटरफेसवर लागू होऊ शकत नाही. हा विरोध आदेश पाठवण्यापूर्वीच दाखवला, तर प्रशासकाचा वेळ वाचतो आणि यजमान अर्धवट अवस्थेत अडकत नाही. चौकटीतील सर्व बदल अखेरीस संमती दिल्यावरच एकत्रितपणे यजमानाकडे जातात. त्यामुळे तोपर्यंतची मांडणी हा केवळ कच्चा आराखडा असतो.

जोखीम आणि संरक्षण

नेटवर्कची मांडणी चुकल्यास इंजिन आणि यजमान यांच्यातील संपर्कच तुटू शकतो. मग चूक दुरुस्त करण्याचा मार्गही बंद होतो. यासाठी चौकटीत 'संपर्काची पडताळणी' हा पर्याय आहे. नवी मांडणी लागू झाल्यावर ठरावीक वेळेत इंजिनशी संपर्क झाला नाही, तर व्हीडीएसएम जुनी मांडणी पुन्हा लागू करतो. 'मांडणी जतन करा' हा पर्याय निवडल्यास यजमान पुन्हा सुरू झाल्यावरही ती टिकते.

'आवश्यक' ठरवलेले नेटवर्क एखाद्या यजमानावर नसेल, तर प्रणाली त्या यजमानास अकार्यक्षम ठरवते. त्यामुळे लेबलातील एका अक्षराची चूकही अनेक यजमानांना भोवू शकते.

मर्यादा

लेबलाद्वारे एकाच वेळी अनेक यजमानांवर नेटवर्क जाते. त्यामुळे प्रत्येक यजमानासाठी स्थिर आयपी पत्ता हाताने भरणे व्यवहार्य नसते. म्हणून स्थलांतर किंवा प्रदर्शन यांसारखी विशेष भूमिका असलेल्या नेटवर्कला लेबल दिल्यास पत्ते डीएचसीपीद्वारे घेतले जातात. ज्या संस्थेत डीएचसीपी सेवा नाही, तेथे अशी नेटवर्क लेबलाविना, हाताने जोडणेच योग्य ठरते.

लहान संस्थेत, उदाहरणार्थ दोन यजमान असलेल्या महाविद्यालयात, लेबलाचा लाभ मर्यादित असतो. मात्र यजमान वाढण्याची शक्यता असल्यास लेबलांची पद्धत आरंभीच ठरवणे हिताचे असते. कारण नंतर लेबल बदलल्यास चालू नेटवर्कवर परिणाम होतो.

हेही पहा

* आभासीकरण
* केव्हीएम
* व्हीलॅन
* डीएचसीपी