"तुझाही वाजला का?" : मोबाइलवरच्या दवंडीच्या अकरा गोष्टी

२० जुलै २०२३, गुरुवार. सकाळी साडेदहाचा सुमार. महाराष्ट्रात ठिकठिकाणी खिशातले, टेबलावरचे, उशीखालचे फोन एकदम किंचाळू लागले. सायलेंटवर ठेवलेलेही गप्प बसले नाहीत. स्क्रीनवर चौकट उमटली : 'इमर्जन्सी अलर्ट : सिव्हिअर'. खाली मजकूर होता, तो असा : केंद्राच्या दूरसंचार विभागाने पाठवलेला हा चाचणीचा संदेश आहे, तुम्ही काहीही करायचे नाही. पण मजकूर शेवटपर्यंत वाचायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात काळजाचा ठोका चुकून गेला होता.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीगोंद्यासारख्या तालुक्यात तर हा विषय अगदी घरातला. एका अंगाने भीमा, दुसऱ्या अंगाने घोड, मध्ये उसाच्या फडात बिबट्या आणि वळवाच्या पावसात कडाडणारी वीज. वेळेवर मिळालेल्या सांगाव्याची किंमत इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. म्हणूनच त्या किंकाळीमागच्या या अकरा गोष्टी.

१. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच

फोन वाजल्यावर लोकांनी काय केलं? शेजाऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुझाही वाजला का?" त्याच्यापाठोपाठ "फोन हॅक तर झाला नाही ना?" आणि "ओके दाबू का नको?" हे प्रश्न आले. मग स्क्रीनचे फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकायची धांदल उडाली. यात लाजण्यासारखं काही नाही. आपत्तीत माणसं कशी वागतात, याचा अभ्यास करणाऱ्यांना ही सवय चांगली ठाऊक आहे. इशारा मिळताच माणूस लगेच पळत सुटत नाही. आधी आजूबाजूला विचारतो, खात्री करून घेतो, मग हलतो. जगभर हेच घडतं. त्यामुळे शेजाऱ्याचं उत्तर हा इशाऱ्याचाच अर्धा भाग असतो.

२. एसएमएस म्हणजे पोस्टमन, हा म्हणजे दवंडीवाला

एसएमएस एकेका नंबरावर जातो, पोस्टमन घरोघरी पत्र टाकतो तसा. या नव्या पद्धतीचं नाव 'सेल ब्रॉडकास्ट'. टॉवर एकदाच पुकारा करतो आणि त्याच्या टापूतला प्रत्येक चालू फोन तो एकाच वेळी ऐकतो. समजा, शनिवारी श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीचा जनावरांचा बाजार ऐन भरात आहे. एवढ्या गर्दीतल्या प्रत्येकाला वेगळा एसएमएस पाठवायचा, तर नेटवर्क घाईला येईल आणि कुणाला संदेश आत्ता मिळेल, कुणाला अर्ध्या तासाने. दवंडीला गर्दीचं भय नाही. ऐकणारे दहा असोत की दहा हजार, ओरडावं एकदाच लागतं. बाहेरगावाहून आलेल्या व्यापाऱ्याचा फोनही वाजतो, कारण इथे नंबर कुणाचा हे पाहिलंच जात नाही. आणि म्हणूनच कुणाला संदेश पोहोचला, कोण कुठे उभं आहे, हे टॉवरला कळत नाही. रेडिओ केंद्राला आपला श्रोता दिसत नाही, तसंच.

३. जुन्या नोकियावर हेच तंत्र होतं

कीपॅडचे फोन नवे होते तेव्हाचे दिवस आठवा. एसटीतून जाताना स्क्रीनवर गावांची नावं बदलत जायची. एक टॉवर सुटला, दुसऱ्याने पकडलं, की नाव बदललं! अनेकांनी त्यासाठी 'सेल इन्फो' चालू करून ५० नंबरचं चॅनेल भरलेलं असायचं. ती किमया सेल ब्रॉडकास्टचीच. ज्या तंत्राने तेव्हा गंमत म्हणून गावाचं नाव सांगितलं, तेच आता गावाला सावध करणार आहे.

४. खेड्यात फोन आणणारेच खेड्याला सावध करणार

भारतातली ही यंत्रणा 'सी-डॉट' या सरकारी संस्थेने उभारली, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणासाठी. सी-डॉटची स्थापना १९८४ ची. भारतातल्या धुळीत, उन्हात, विजेच्या लपंडावात टिकणारी ग्रामीण टेलिफोन एक्स्चेंज याच संस्थेने घडवली आणि खेडोपाडी 'हॅलो' पोहोचवलं. एसटीडी बूथपुढे रांग लावलेल्या पिढीचं या संस्थेशी जुनं नातं आहे.

५. डोळ्याला तीन, यंत्राला नऊ

'श्रीगोंदा' या शब्दात अक्षरं किती? आपण म्हणू तीन : श्री, गों, दा. फोनच्या हिशेबात मात्र नऊ! श, हलन्त, र, दीर्घ वेलांटी, ग, ओकार, अनुस्वार, द आणि काना, सगळं सुटं सुटं मोजलं जातं. जिल्ह्याचं जुनं नाव 'अहमदनगर' सात जागांत मावत होतं, नव्या 'अहिल्यानगर'ला दहा लागतात. रोमन लिपीतल्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. सेल ब्रॉडकास्टच्या एका पानात रोमन ९३ आणि देवनागरी जेमतेम ४०. पानं जास्तीत जास्त १५. म्हणून मराठी इशारा लिहिणं ही कसोटी आहे. थोडक्यात लिहायचं आणि आजीलाही कळेल असं लिहायचं. 'जलप्रवाहाच्या पातळीत संभाव्य वृद्धी' लिहिण्यात जागाही जाते आणि वेळही. 'नदीला पूर येतोय, वर या' एवढं पुरे.

६. त्याचा वाजला, माझा का नाही?

२०२३ मध्ये चाचण्या एकदाच झाल्या नाहीत. जुलैनंतर १७ ऑगस्टला एक झाली, १५ सप्टेंबरला आणखी एक. वेगवेगळ्या भागांत, वेगवेगळ्या कंपन्यांच्या नेटवर्कवर आळीपाळीने घेतल्या गेल्या. त्यामुळे एकाच ओट्यावर बसलेल्या दोघांपैकी एकाचा फोन ओरडला आणि दुसऱ्याचा शांत राहिला, तर नवल नव्हतं. शिवाय फोन बंद असेल, फ्लाइट मोडवर असेल, रेंजबाहेर असेल, जुना असेल किंवा सेटिंगमध्ये इशारे बंद केलेले असतील, तरी तो वाजत नाही.

७. आवाज इतका कर्कश कशाला?

मुद्दामच! अमेरिकेत ८५३ आणि ९६० हर्ट्‌झ असे दोन न जुळणारे स्वर एकत्र वाजवतात. तंबोरा बेसूर लागला की गवई अस्वस्थ होतो, तीच अस्वस्थता इथे कामाला येते. जपानने वेगळी वाट धरली. तिथल्या एनएचके वाहिनीवर भूकंपाच्या इशाऱ्याआधी वाजणारी धून तोरू इफुकुबे यांनी रचली. ऐकू कमी येणाऱ्यांनाही ती उमजावी, लक्ष वेधलं जावं पण घबराट होऊ नये, हा त्यामागचा विचार. हे तोरू म्हणजे 'गॉडझिला' चित्रपटाला संगीत देणाऱ्या अकिरा इफुकुबे यांचे पुतणे. भूकंपाची धूनही संगीतकाराच्या घराण्यातून आलेली!

८. एका शब्दाने घोटाळा

ब्रिटनमध्ये २३ एप्रिल २०२३ रोजी दुपारी तीन वाजता देशभर चाचणी झाली. शेफिल्डला स्नूकरची जागतिक स्पर्धा चालू होती. खेळाडूचा नेम चुकू नये म्हणून त्या वेळेपुरता खेळ थांबवला. वेल्श भाषेतल्या संदेशात मात्र गंमत झाली. 'सुरक्षित' या अर्थाचा शब्द 'दिओगेल'. त्याच्या जागी छापलं गेलं 'व्होगेल'. वेल्शमध्ये त्याला काही अर्थच नाही, पण स्लोव्हेनियात त्या नावाचं बर्फावर घसरायला जायचं ठिकाण आहे. चाचणी होती म्हणून लोक हसले. खऱ्या संकटात 'सुरक्षित' हाच शब्द हरवला असता तर? आपल्या भाषेतला इशारा आपल्या भाषेच्या जाणकाराने तपासलेला असावा, हा धडा मराठीनेही घ्यावा.

९. अडतीस मिनिटं

१३ जानेवारी २०१८. हवाई बेटांवर सकाळी ८ वाजून ७ मिनिटांनी फोन वाजले : क्षेपणास्त्र येत आहे, आसरा घ्या, हा सराव नाही. लोकांनी मुलांना कवटाळलं, न्हाणीघरात लपवलं, घरच्यांना निरोपाचे फोन केले. आणि तो संदेश चुकून गेलेला होता! चूक झाल्याचा दुसरा संदेश फोनवर यायला ३८ मिनिटं लागली. गव्हर्नर डेव्हिड इगे यांना खोटं असल्याचं लवकर कळलं होतं, पण त्यांना स्वतःच्या ट्विटर खात्याचं लॉगिन आठवेना. त्यांनी पुढे ते उघडपणे सांगितलंही. चाचण्या का हव्यात, याचं उत्तर या ३८ मिनिटांत आहे. चुका सरावात व्हाव्यात, प्रसंगात नाही.

१०. अफवा आणि लपवलेला फोन

४ ऑक्टोबर २०२३ ला अमेरिकेत देशभर चाचणी होती. त्याआधी अफवांना ऊत आला. करोनाची लस घेतलेल्यांच्या अंगात फोनच्या लहरींनी काहीतरी जागं होईल, असंही पसरवलं गेलं. दुपारी फोन वाजले, लोकांनी ओके दाबलं आणि कामाला लागले. त्या गोंगाटात एक खरी काळजी मात्र होती. मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून फोन लपवून ठेवणाऱ्या बायकांची. घरात तो फोन अचानक ओरडला तर? ब्रिटन आणि अमेरिकेत अशा स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी आधीच सांगून ठेवलं : चाचणीच्या वेळी तो फोन पूर्ण बंद ठेवा. चाचणीची तारीख आधी जाहीर करण्याचं हे एक मोठं कारण आहे.

११. आपली गावची यंत्रणा

खिशात सरकारी दवंडी येण्याआधी नगर, नाशिक, पुणे भागातल्या अनेक गावांनी ग्रामसुरक्षा यंत्रणा सुरू केली. गावकऱ्यांचे नंबर आधी नोंदवून ठेवायचे. चोर आले, आग लागली, बिबट्या वस्तीत शिरला, की कुणीही नोंदणी झालेल्या माणसाने १८०० २७० ३६०० हा टोल-फ्री नंबर फिरवायचा आणि बोलायचं. त्याच्याच आवाजातला निरोप गावातल्या साऱ्या फोनवर एकदम जातो. हिची खरी ताकद त्या आवाजात आहे. समोर अनोळखी शिट्टी नसते, आपला रामभाऊ बोलत असतो. त्यामुळे "तुझाही वाजला का?" असं विचारत बसायला नको, खात्री आवाजातच मिळते.

त्याच सकाळची दुसरी बातमी

२० जुलैच्या त्या सकाळी फोन किंचाळले, तेव्हा रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीत माती उपसणं चालू होतं. आदल्या रात्री, १९ जुलैला, इर्शाळगडाच्या पायथ्याची ती ठाकरवाडी झोपेत दरडीखाली गेली होती. मदतीला जाणाऱ्यांना डोंगर पायी चढून जावं लागत होतं. राज्यात एकीकडे इशाऱ्याची चाचणी आणि दुसरीकडे ज्यांना इशारा मिळालाच नाही अशी माणसं. हा योगायोग आठवला की फोनच्या त्या कर्कश आवाजाचा राग येत नाही.

म्हणून आजच तीन कामं करू या. फोनच्या सेटिंगमध्ये 'इमर्जन्सी अलर्ट' शोधून ते चालू आहे का पाहू, आणि कुणी वैतागून बंद केलं असेल तर पुन्हा चालू करू. रानात राबणाऱ्यांच्या आणि मेंढरामागे हिंडणाऱ्यांच्या फोनमध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप टाकून देऊ. आसपासच्या २० ते ४० किलोमीटरमधल्या विजेचा इशारा ते देतं. आणि तिसरं काम सर्वांत सोपं. आपल्या आळीत कुणाकडे साधा कीपॅडचा फोन आहे, कुणाला वाचता येत नाही, कुणाला कमी ऐकू येतं, हे ध्यानात ठेवू.

भीमेकाठच्या पेडगावात किंवा अजनुजात उद्या रात्री खराच इशारा आला, तर टॉवर काही सेकंदांत आपलं काम करील. पुढचं काम आपलं. "तुझाही वाजला का?" हा प्रश्न तेव्हा फोनवरून नको विचारायला. ज्या घरात फोन वाजलाच नसेल, त्या घराची कडी जाऊन वाजवायला हवी.