पाथरीचं कुळकर्ण

अहमदनगरच्या निजामशाहीचं मूळ मराठवाड्यातल्या पाथरीच्या कुळकर्ण्यांच्या घरात होतं, असं फेरिश्ता सांगतो. हा इतिहासकार अहमदनगरात वाढला आणि पुढे विजापूरच्या दरबारी लिहायला बसला, त्यामुळे या घराण्याच्या गोष्टी त्यानं जवळून ऐकलेल्या. त्याच्या म्हणण्याप्रमाणे पाथरीचं हे ब्राह्मण घर विजयनगरच्या मुलखात गेलं. तिथे घरातला तिमाप्पा हा लहान मुलगा बहामनी फौजेच्या हाती लागला. मलिक हसन या नावानं तो मुसलमान म्हणून वाढला, राजपुत्राच्या बरोबरीनं शिकला आणि बहामनी राज्याच्या कारभारीपदापर्यंत चढला. त्याच्या मुलानं, मलिक अहमदनं, १४९० मध्ये आपली वेगळी गादी मांडली.

खरी गोष्ट इथून पुढे आहे. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशहाकडे होती. गादी मिळालेल्या निजामशाही घराण्याला पाथरीचं वतन परत हवं होतं. बदल्यात दुसरा मुलूख देतो, पण पाथरी द्या, असा निरोप गेला. इमादशहानं नकार दिला. १५१८ मध्ये मलिक अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा यानं पाथरी जिंकून घेतली. पुढे ती हातची गेली, तेव्हा त्यानं ती पुन्हा जिंकली, तिथला किल्ला पाडला आणि पाथरी आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम करून दिली. धर्म बदलला होता, भाषा बदलली होती, अंगावर राजवस्त्रं आली होती, तरी कुळकर्णाची ओढ सुटली नव्हती. त्या ओढीपायी दोन राज्यांच्या फौजा गोदाकाठी भिडल्या.

मराठवाड्यात राजेशाहीबद्दल लोकांना काय वाटतं, हा प्रश्न निघाला की बोलणं हैदराबादच्या निजामापाशी सुरू होतं आणि त्याचं राज्य गेलं त्या १७ सप्टेंबर १९४८ ला संपतं. माझ्या मते ते पाथरीच्या या कुळकर्णापासून सुरू करायला हवं. आपण राजाला विरोध केला, प्राण देऊन केला. जन्मानं मिळणाऱ्या हक्काला मात्र तितक्या जीवावर उदार होऊन विरोध केला नाही. राजा परका वाटत होता आणि वतन घरचं वाटत होतं.

वतन म्हणजे जमीन, हक्क आणि मान हे तिन्ही एकत्र, वंशपरंपरेनं. देशमुख-देशपांड्यांना परगण्याचं, पाटील-कुळकर्ण्यांना गावचं. राज्यं बदलली तरी वतनाची सनद नव्या राजाकडून पुन्हा करून घ्यायची, एवढंच काम. पाथरीवर बहामनी, इमादशाही, निजामशाही, मोगल आणि शेवटी आसफजाही अशी राज्यं येऊन गेली. मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यात तर पाथरी एका सरकारचं ठाणं होती. या सगळ्या उलथापालथीत गावपातळीवरची घडी फारशी विसकटली नाही, याचं कारण वतनात आहे. शिवाजी महाराजांनी हे दुखणं नेमकं ओळखलं होतं. सभासद बखरीत त्याची साक्ष आहे: मिरासदारांच्या गढ्या पाडल्या, नेमणुका रोख पगारावर केल्या. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही वतनदार हे राज्याचे वाटेकरी असल्याचा धोका स्पष्ट मांडला आहे. महाराजांच्या पश्चात मोगली आक्रमणाच्या धामधुमीत माणसं आपल्या बाजूला राखायची म्हणून वतनं आणि सरंजाम पुन्हा वाटावे लागले. आज महाराजांच्या नावानं गावोगाव पुतळे उभे राहतात, पण वतनदारीवर त्यांनी उगारलेला हात जयंतीच्या भाषणात क्वचितच ऐकू येतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हैदराबाद संस्थानात जमिनीची मोठी वाटणी अशी होती: ढोबळमानानं दहा टक्के मुलूख निजामाच्या खासगीतला, म्हणजे सर्फ-ए-खास, तीस टक्क्यांच्या आसपास जहागिरदारांचा, उरलेला दिवाणी. दिवाणी मुलखात पहिल्या सालारजंगाच्या काळात जिल्हे-तालुके आखले गेले आणि रयतवारी आली. जहागिरीत मात्र दाद मागायची तर जहागिरदाराकडेच. सारा त्याचा, वेठ त्याची, पुष्कळ ठिकाणी न्यायही त्याचाच. २२ फेब्रुवारी १९३७ च्या ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर निजाम मीर उस्मान अली खान जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून झळकला. त्याच वर्षी पाथरीच्या शेजारच्या, तेव्हा परभणी जिल्ह्यातच असलेल्या परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. अध्यक्ष होते गोविंदराव नानल. भाषा, शिक्षण, नागरी हक्क असे तिथले विषय जपून मांडावे लागत होते. पुढच्या वर्षी स्थापन होण्याआधीच बंदी घातलेल्या हैदराबाद स्टेट काँग्रेसचं ध्येयही निजामाच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती, एवढंच होतं. राजा नकोच, हे म्हणायला अजून दहा वर्षं लागायची होती. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्यांनी चळवळ तिथवर नेली, हे त्यांचं मोठेपण.

त्याच १९३८ मध्ये, ३० डिसेंबरला, कन्नड तालुक्यातल्या मक्रणपूरला भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकारानं अस्पृश्यांची परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला आले. मुक्तिसंग्रामाच्या आपल्या इतिहासात या परिषदेला मिळते त्याहून कितीतरी मोठी जागा मिळायला हवी. जाच करणारी सत्ता हैदराबादेइतकीच गावच्या चावडीतही बसलेली आहे, हे या माणसांना रोजच्या जगण्यातून कळत होतं. बाबासाहेबांनी दहा वर्षांपूर्वीच, १९२८ मध्ये, मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध बिल आणलं होतं. पाटलाच्या वतनात मान होता, महाराच्या वतनात रात्रंदिवसाची राबणूक. दोन्ही जन्मानं मिळत, नावही एकच. कोल्हापूरला राजर्षी शाहू महाराजांनी कुळकर्णी वतन आणि महार वतन दोन्ही १९१८ मध्ये बंद केली होती. स्वतः गादीवर बसलेल्या माणसानं हे करावं, हे आपल्याकडचं फार दुर्मिळ उदाहरण.

संस्थानातल्या मुसलमानांपुढे इत्तेहादुल मुसलमीनच्या बहादूर यार जंगांनी ‘अनल मलिक’ हा विचार ठेवला होता. राज्य एकट्या निजामाचं नसून प्रत्येक मुसलमान राजा आहे, असा त्याचा अर्थ. पाथरीत मुसलमान वस्ती जुनी आणि मोठी. इथल्या विणकराला, खाटकाला, टांगेवाल्याला, सालदाराला या राजेपणातून काय मिळालं? जमीन मिळाली नाही, शाळा मिळाली नाही. मिळाला तो जहागिरदारांच्या राज्यात आपलाही वाटा असल्याचा भास. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या आणि पाच दिवसांत राज्य संपलं. त्यानंतर मराठवाड्यात आणि आसपासच्या जिल्ह्यांत मुसलमानांच्या बाबतीत जे घडलं, ते भारत सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं नोंदवलं आहे. मृतांचा तिचा अंदाज २७ ते ४० हजारांचा. रझाकारांनी, म्हणजे इत्तेहादच्या सशस्त्र स्वयंसेवकांनी, केलेले अत्याचार खरे होते आणि ते विसरू नयेत. पण सूड उगवला गेला तो बहुतेक ज्यांच्या नावावर बिघाभर जमीन नव्हती त्यांच्यावर.

आणि राजा? २६ जानेवारी १९५० ला भारत प्रजासत्ताक झाला, त्या दिवशी हैदराबाद राज्याचे राजप्रमुख झाले ते मीर उस्मान अली खानच. १९५६ मध्ये राज्याची वाटणी होईपर्यंत ते त्या पदावर राहिले. तनखा वर्षाला ५० लाख, शिवाय वाड्यांच्या देखभालीसाठी २५ लाख आणि सर्फ-ए-खासच्या उत्पन्नाबदली आणखी २५ लाख. ज्यांचे वडील, भाऊ, मुलं या लढ्यात गेली त्यांना हे कसं वाटलं असेल याचा विचार केला की आजही अस्वस्थ व्हायला होतं. संस्थानिकांचे तनखे थांबायला १९७१ उजाडावं लागलं. १९७० मध्ये राज्यसभेत विधेयक एका मतानं पडलं, राष्ट्रपतींचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला आणि शेवटी सव्विसावी घटनादुरुस्ती झाली.

जहागिरी १९४९ मध्येच संपल्या. पाठोपाठ १९५० चा कूळकायदा आणि मग इनामं रद्द करणारा कायदा आला. कागदावर हे मोठं काम होतं, आणि कुळांना त्यातून जमिनीही मिळाल्या. पण तलाठ्याकडे जाऊन एखादा जुना सातबारा मागवा. ‘भोगवटादार वर्ग दोन’ हे शब्द दिसतील आणि इतर हक्कात मदतमाश किंवा खिदमतमाश. कुणाच्या निर्वाहासाठी वा देवाच्या सेवेसाठी कोण्या राजानं दिलेलं हे इनाम आज पाचव्या-सहाव्या हाती आहे. तुकडे पडले, विकले गेले, वर घरं झाली, तरी शेरा जात नाही. त्यामागे खासरा पत्रक, त्यामागे उर्दू शिक्क्याचं पहाणीपत्रक. राजा जाऊन पाऊणशे वर्षं झाली, तरी त्याच्या दफ्तरातली ओळ शेतकऱ्याचं कर्जप्रकरण अडवते.

त्याच दफ्तराची आता वेगळ्या कारणानं झडती चालू आहे. मराठा समाजाला ओबीसी आरक्षण मिळवून देणारे कुणबी दाखले देण्यासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि ‘निजामकालीन नोंदी’ हा शब्द घरोघर पोचला. २ सप्टेंबर २०२५ ला, मनोज जरांगे यांच्या मराठा आरक्षणासाठीच्या मुंबईतल्या उपोषणानंतर, शासनानं हैदराबाद गॅझेट लागू करण्याचा निर्णय काढला. मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली, वंशावळी लिहिल्या गेल्या. दोन एकर कोरडवाहूवर जगणाऱ्या आणि पोराची फी भरू न शकणाऱ्या मराठा शेतकऱ्याची तगमग खरी आहे. तिची टिंगल करणाऱ्यांशी माझं जमत नाही. मला खुपतं ते निराळंच. ज्या राजवटीला आपण गुलामगिरी म्हणून हाकललं, तिनं पणजोबाच्या नावापुढे काय लिहिलं यावर आजच्या पोराची फी ठरते. आणि ओबीसींना वाटणारी भीतीही पुन्हा जन्माच्या कागदाभोवतीच फिरते.

गावातला मान तर कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिला. पोळ्याच्या दिवशी पाथरीच्या आसपासच्या कुठल्याही गावात वेशीजवळ उभं राहून पाहावं. शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल, बैलजोड्या दाटीनं थांबलेल्या. आंब्याच्या पानांचं तोरण मांगवाड्यातून आलेलं, दोर त्यांनीच वळलेला. मानाची जोडी आल्याशिवाय तोरणाखालून कुणी जायचं नाही. पाटीलकीचं पद महाराष्ट्रात कायद्यानं गेलं, पोलीस पाटील नेमणुकीनं येतो, जमीन वाटण्यांमध्ये आटली, तरी जोडीचा मान त्याच घरी. सगळं गाव हे राजीखुशीनं करतं, म्हणून त्याला जुलूम म्हणता येत नाही. पण तोरण वळणाऱ्याची जोडी शेवटी का, हा प्रश्न त्याच्या शिकलेल्या मुलानं विचारला की गावाचा चेहरा बदलतो.

निवडणुकीतही तीच सवय दिसते. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री, मुलगा अशोकराव मुख्यमंत्री, आणि २०२४ मध्ये भोकरमधून नात आमदार. लातूरला, बीडला वेगळं नाही. हे सगळे मतांनी निवडून आले आहेत, आणि निवडून येणं व सनद मिळणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मान्य. तरीही ‘साहेबांचं रक्त आहे’ हे वाक्य प्रचारात प्रशस्तिपत्रासारखं वापरलं जातं आणि ऐकणाऱ्याला त्यात गैर वाटत नाही. बाहेर तरी काय आहे? ब्रिटननं १९९९ मध्ये वरिष्ठ सभागृहातून वंशपरंपरागत उमरावांना काढलं, तेव्हा ९२ जणांना ठेवलंच. नेपाळनं २००८ मध्ये राजा घालवला, आणि २०२५ च्या मार्चमध्ये काठमांडूत राजा परत आणा म्हणून लोक रस्त्यावर आले. कारभार हातून निसटला की माणसं वंशाकडे बघतात. आपल्याकडे ती नजर गावापासून तयार झालेली असते.

ज्यांना राजानं सनद दिली नाही आणि गावानं मान दिला नाही, त्यांनी गायरान कसलं. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहात मराठवाड्यातली माणसं तुरुंगात गेली ती याच जमिनीसाठी. १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासी भूमिहीनांची गायरानावरची वहिवाट नियमित करायचं शासनानं ठरवलं होतं. पण अनेकांच्या हाती आजही दंडाच्या पावत्यांपलीकडे काही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपाल सिंग निकालानं गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सांगितली, मात्र सरकारी निर्णयानं भूमिहीनांना आणि अनुसूचित जातींना दिलेल्या जमिनींची वाट त्यानंही मोकळी ठेवली आहे. २०२४ मध्ये मदतमाश जमिनी वर्ग एक करण्यासाठीचा नजराणा ५ टक्क्यांवर आला. अडकलेल्या छोट्या खातेदारांसाठी ते योग्यच झालं. राजाच्या इनामाची गाठ जे सरकार सोडवू शकतं, त्यानं पाथरीच्या आणि मराठवाड्यातल्या प्रत्येक तहसिलीत पडून असलेली गायरानधारकांची प्रकरणं हातात घ्यावीत, पंचनामे करावेत आणि कसणाऱ्या बाईचं नाव नवऱ्याच्या बरोबरीनं सातबाऱ्यावर चढवावं.