केमेरिखचे बूट

मागच्या व्याख्यानात आपण अ‍ॅरिस्टॉटलपाशी थांबलो होतो. माणूस जे वारंवार करतो त्यातून त्याचं शील घडतं, असं तो म्हणतो. आता प्रश्न असा, की विशीच्या आतल्या पोरांना खंदकात टाकलं तर तिथे कोणतं शील घडेल? यासाठी आज आपण एरिख मारिया रेमार्कची ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ घेऊ. मूळ जर्मन पुस्तक १९२९ सालचं. रेमार्क स्वतः १९१७ मध्ये आघाडीवर जखमी झालेला.

सुरुवातच बघा. आचाऱ्याने दीडशे जणांचं जेवण रांधलंय आणि परत आलेत ऐंशी. पोरं खूश! प्रत्येकाला दुप्पट वाढा म्हणतात. सत्तर माणसं कुठे गेली, हा विचार त्यांना शिवत नाही असं नाही. पण आधी पोट.

मग केमेरिख. पाय कापलाय, मरायला टेकलाय. त्याच्याकडे मऊ चामड्याचे उंच बूट आहेत. वर्गमित्र म्युलर त्याच्या उशाशी उभा राहून ते मागतो. आम्ही शिकवायचो तेव्हा वर्गात हमखास कोणीतरी म्हणे, ‘सर, किती स्वार्थी आहे हा!’ आम्हाला तसं वाटत नाही. केमेरिखचा जीव वाचणार असता, तर त्या बुटांसाठी म्युलरने हातसुद्धा पुढे केला नसता. पण मित्र जाणार हे नक्की, आणि बूट मागे राहिले तर इस्पितळातला कोणीतरी उचलणार हेही नक्की. चिखलात चालणाऱ्याला चांगला बूट म्हणजे चैन नव्हे. खंदकाने म्युलरची माया मारलेली नाही. ज्याने काही उपयोग होणार नाही ते दुःख बाजूला ठेवायला त्याला शिकवलंय. पुढे म्युलर मरताना तेच बूट पाउलला, म्हणजे निवेदकाला, देतो.

ही सवय माणसाला जगवते. फक्त ती आघाडीवरच ठेवून घरी जाता येत नाही, आणि आमच्या मते कादंबरीचं खरं दुखणं इथे आहे. पाउल सतरा दिवसांच्या रजेवर घरी येतो. आई आजारी. वडिलांना लढाईच्या गोष्टी ऐकायच्यात. गावातले मोठे लोक कुठला मुलूख जिंकून घ्यावा ते त्यालाच समजावतात! तो आपल्या खोलीत जातो. शाळकरी वयात पैसे साठवून घेतलेली पुस्तकं फळीवर आहेत. एकेक काढतो, चाळतो, ठेवतो. पूर्वी वाचताना जे आत हलायचं ते हलत नाही. वयाने मोठे सैनिक परतले तर बायको, मुलं, धंदा त्यांची वाट बघत असतात. याच्यामागे काय? शाळा. आणि शाळेतल्या कांटोरेक मास्तरांनीच तर देशाच्या नावाने सगळ्या वर्गाला भरतीला पाठवलेलं.

आघाडीवर परतल्यावरचा एक प्रसंग सांगून थांबू. तोफगोळ्याने पडलेल्या खड्ड्यात पाउल लपलाय. एक फ्रेंच सैनिक आत कोसळतो आणि हा त्याला भोसकतो. माणूस लगेच मरत नाही. कित्येक तास तडफडतो. पाउल त्याला पाणी पाजतो, जखम बांधतो. तो मेल्यावर खिशातल्या कागदांवरून नाव कळतं: जेरार ड्युव्हाल, छापखान्यातला कामगार. बायकोचा आणि लहान मुलीचा फोटो आहे. पाउल प्रेताशी बोलतो, क्षमा मागतो, वचनं देतो. मात्र अंधार पडू लागतो, सुटकेची आशा दिसते, तेव्हा तो ती वचनं पुन्हा पुटपुटतो ती केवळ अपशकुन टळावा म्हणून. आपण ती पाळणार नाही हे त्याला तिथेच कळलेलं असतं. दुसऱ्या दिवशी मित्र त्याला आपला नेमबाज दाखवतात. तो शांतपणे एकेक टिपतोय आणि मोजतोय. पाउल बघतो, आणि कालचं आपलं बोलणं त्याला निव्वळ बडबड वाटतं.