श्वासासवे नामस्मरण : ख्रिस्ती परंपरा आणि आपली चिकित्सा

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या ११व्या अध्यायात दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय व सत्त्वावजय असे त्रिविध औषध सांगितले आहे. अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह हे सत्त्वावजयाचे स्वरूप होय. निद्रानाश, चिंता, उच्च रक्तदाब अशा तक्रारींत आपण औषधाबरोबर ओंकार वा नामजप सुचवितो. रुग्ण ख्रिस्ती असल्यास मात्र सल्ला देणारा व घेणारा दोघेही संकोचतात. आमच्या मते हा संकोच अनाठायी आहे. श्वासाशी जोडलेला जप ख्रिस्ती परंपरेलाही परका नाही.

इजिप्तच्या वाळवंटातील संन्याशांची साधना जॉन कॅशियन यांनी पाचव्या शतकात लिहून ठेवली. देवाचे साहाय्य मागणारे एकच लहान स्तोत्रवचन अखंड घोळवीत राहावे, असा तिचा आशय. सातव्या शतकात सिनाईच्या जॉन क्लिमाकस यांनी येशूचे स्मरण श्वासाशी जोडण्यास सांगितले. तेराव्या शतकात ग्रीसमधील ॲथोस पर्वतावरील निकेफोरस यांनी श्वासाबरोबर चित्त हृदयात उतरविण्याची रीत वर्णिली. या रीतीची टवाळी झाली, तेव्हा ग्रेगरी पालामास (१२९६–१३५९) यांनी तिचे समर्थन केले. चंचल मन एकत्र आणण्यास श्वासनियमन नवशिक्यास उपकारक ठरते, असे त्यांचे म्हणणे. कॉन्स्टँटिनोपल येथील १३४१ व १३५१ च्या धर्मसभांनी त्यांचीच बाजू उचलून धरली.

साधनेची पद्धत साधी आहे. श्वास घेताना प्रभू येशूचे नाव, सोडताना दयेची याचना. हातात गाठींची लोकरी माळ. हृदय हे चेतनेचे स्थान आणि प्राणवह स्रोतसाचे मूळ मानणाऱ्या आपणांस या साधनेतील हृदयाचे महत्त्व सहज उमगेल. तथापि साधकाच्या दृष्टीने ही प्रार्थना आहे, श्वसनाचा व्यायाम नव्हे. हा भेद वैद्याने विसरू नये.

शरीरावरील परिणामांविषयी इटलीतील बर्नार्दी व सहकाऱ्यांचा अभ्यास २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. २३ निरोगी व्यक्तींनी लॅटिन भाषेतील मारियेची प्रार्थना व ‘ॐ मणिपद्मे हूं’ हा मंत्र म्हटला. दोन्ही वेळी श्वसनगती मिनिटास सुमारे सहावर आली आणि रक्तदाबाचे नियमन करणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रियेची संवेदनक्षमता वाढली. भाषा व धर्म भिन्न असूनही लय एकच निघाली. मात्र हा अभ्यास लहान व निरोगी व्यक्तींवरील असल्याने त्यावरून रोगनिवृत्तीचा दावा करता येणार नाही.

सावधगिरीचा इशारा या परंपरेनेच दिला आहे. एकोणिसाव्या शतकातील रशियन संत थिओफान यांनी मार्गदर्शकावाचून श्वासाचे प्रयोग करू नयेत, असे बजाविले. म्हणून दमा किंवा हृद्रोग असलेल्यांना श्वास रोखावयास सांगू नये. गती सहज राहू द्यावी. घाबरेपणा वाढल्यास जप थांबवावा. तीव्र मनोविकारात तज्ज्ञाचा सल्ला आधी घ्यावा.

जप सुरू झाला म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करावयाची नसते, हे वैद्याने सांगावे आणि औषध-विक्रेत्या बंधूंनीही पुडी हाती देताना पुन्हा सांगावे. प्रार्थनेचे शब्द मात्र आपण ठरवू नयेत. ते रुग्णाने आपल्या श्रद्धेतून किंवा आपल्या धर्मगुरूंच्या सल्ल्याने निवडावेत. आपण नियमितपणा, सुखासन व संथ श्वास यांचे मार्गदर्शन करावे. रुग्णाच्या श्रद्धेला धक्का न लावता त्याच्या सत्त्वाला बळ देणे, हेच येथे वैद्याचे कर्तव्य होय.