वेदीपुढचे धान्य

मार्गशीर्षातील अमावस्येला बिदर, कलबुर्गी, लातूर आणि धाराशिव या जिल्ह्यांच्या सीमेवरील गावे ओस पडतात आणि शिवारे माणसांनी फुलून जातात. शेतात कडब्याची कोप उभारावी, काळ्या आईची पूजा करावी, भज्जी आणि आंबील यांचा नैवेद्य दाखवावा आणि वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवावयास बसवावे, असा हा वेळ अमावस्येचा रिवाज आहे. पीक अद्याप घरात यावयाचे असते. तरीही त्याबद्दलची कृतज्ञता आधीच व्यक्त केली जाते, आणि तीही पंक्तीत बसून.

याच शिवारात राबणाऱ्या ख्रिस्ती मंडळींतही असा एक दिवस पाळला जातो. कोणी त्याला सुगीचा सण म्हणतात, कोणी हंगामाची उपकारस्तुती. नाताळाप्रमाणे या सणाची तारीख सर्वत्र एक नसते. ती पिकावर अवलंबून असते. गोव्यातील राय या गावी ५ ऑगस्टला भाताच्या नव्या कणसांचे फेस्त होते. मंगळूरकडील कॅथलिक कुटुंबे ८ सप्टेंबरला, मरियेच्या जन्मदिनी, नवे कणीस घरी आणतात. मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजाचा आगेरा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी येतो. पठारावरचे गणित निराळे आहे. येथे मूग आणि उडीद भाद्रपदात हाती येतात, तूर पौषाच्या सुमारास वाळते आणि रब्बीची ज्वारी त्यानंतर खळ्यावर पोहोचते. त्यामुळे ज्या मंडळीला जो हंगाम सोयीचा, त्या हंगामातील एखादा रविवार ती निवडते.

त्या दिवशी उपासनामंदिराचे रूप पालटते. वेदीपुढे ज्वारीची ताटे आणि तुरीच्या पेंढ्या बांधलेल्या असतात. कोणी सुपातून मूग आणतो, कोणी पायलीभर ज्वारी, कोणी भोपळा, कोणी अंडी, तर कोणी पाय बांधलेली कोंबडी. स्तोत्रे गाइली जातात. आणि या सीमाभागात एकाच मंडळीत मराठी आणि कानडी अशी दोन्ही भाषांतील स्तोत्रे कानी पडणे मुळीच नवलाचे नाही. पाळक आणलेल्या वस्तूंवर प्रार्थना करतात. उपासना आटोपली की अंगणात लिलाव मांडला जातो, आणि आलेली रक्कम मंडळीच्या निधीत जमा होते.

या विधीचे मर्म 'उपकारस्तुती' या शब्दातच साठवलेले आहे. ख्रिस्ती उपासनेचा केंद्रबिंदू असलेल्या प्रभुभोजनाला ग्रीक भाषेत जे नाव आहे, त्याचाही मूळ अर्थ आभार मानणे हाच आहे. म्हणजे आभार हे उपासनेच्या शेवटी जोडलेले उपचाराचे वाक्य नव्हे. उपासनेचा तो गाभाच आहे. बायबलच्या जुन्या करारातील 'अनुवाद' या ग्रंथाच्या सव्विसाव्या अध्यायात पहिल्या पिकाच्या अर्पणाचा विधी सांगितला आहे. शेतकऱ्याने टोपलीत प्रथमफळ घेऊन याजकाकडे जावे आणि एक कथा म्हणावी: आपला पूर्वज भटका होता, परदेशात आपले लोक गुलाम झाले, तेथून देवाने त्यांना सोडविले आणि ही भूमी दिली. ही कथा झाल्यावर त्याने आपल्या घरच्यांसह, भूमिहीन लेवी आणि परका यांनाही बरोबर घेऊन आनंद करावा. दाता येथे आपल्या संपत्तीचा उच्चार करीत नाही; आपल्या पूर्वीच्या रिक्ततेचे स्मरण करतो. त्या स्मरणातूनच आज रिक्त असलेल्याला सोबत घेण्याचे कर्तव्य निर्माण होते.

बिदर आणि कलबुर्गी भागातील ख्रिस्ती माणसाला ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेथडिस्ट मिशनचे कार्य निजामाच्या राज्यातील या प्रदेशात सुरू झाले. खेड्यापाड्यांतून जे लोक मंडळीत आले, त्यांत फार मोठा भाग गावकुसाबाहेरील वस्त्यांचा होता. सुगीच्या दिवसांत त्यांची ठरलेली जागा म्हणजे दुसऱ्याच्या खळ्याची कड. वर्षभर राबून, वेठ करून, अखेरीस मालकाने मापून टाकलेला वाटा पदरात घ्यावयाचा. तो वाटा श्रमाचा मोबदला असे. पण तो हाती पडताना भिक्षेचे रूप घेई. पिढ्यान्पिढ्या ज्याच्या वाट्याला केवळ पदर पसरणे आले, त्याच्या हातून सुगीच्या दिवशी एक सूप धान्य वेदीपुढे ठेवले गेले, तेव्हा त्या कृतीत धर्मविधीहून अधिक काही घडले. घेणारा माणूस देणारा झाला. दानाचे सर्वांत मोठे सामर्थ्य येथे दिसते. दान घेणाऱ्याची गरज भागवते हे खरे. परंतु दान करण्याचा अधिकार माणसाला त्याची प्रतिष्ठा परत मिळवून देतो.

म्हणूनच मंडळीत दानाचे माप वस्तूच्या किमतीवरून ठरत नाही. मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेची कथा मराठी ख्रिस्ती घरांत लहान मुलांनाही ठाऊक असते. श्रीमंतांनी शिलकीतून टाकले, तिने आपली उपजीविका टाकली. म्हणून तिचे दान अधिक, असा निर्वाळा येशूने दिला. धान्यरूपी अर्पणात हे तत्त्व सहज पाळले जाते. ज्याच्याजवळ नाणे नाही त्याच्याजवळ मूठभर दाणे असू शकतात. ईशान्येकडील मिझोरममध्ये १९१० पासून चालत आलेली प्रथा याच विचाराची आहे. तेथील गृहिणी स्वयंपाकाच्या वेळी दर खेपेस मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढते. एका मुठीने कोणाचे घर ओस पडत नाही, आणि अनेक मुठींनी मंडळीचे काम चालते.

तथापि या प्रथेला एक धोकाही आहे, आणि तो लिलावात दडलेला आहे. गरीब बाईने आणलेले एकच अंडे चढाओढीने शेकडो रुपयांना घेतले जाते, तेव्हा तिच्या दानाचा सन्मान होतो. पण तीच चढाओढ श्रीमंतीचे प्रदर्शन होऊ लागली, देणाऱ्यांची नावे आणि रकमा मोठ्याने पुकारल्या जाऊ लागल्या, तर ज्याच्या हातात मूठभर मूग आहे तो पुढच्या वर्षी घरीच बसतो. उजव्या हाताचे दान डाव्या हातास कळू नये, या उपदेशामागे दात्याच्या अहंकाराचा विचार आहे, तसाच लाजणाऱ्या गरिबाचाही विचार आहे. जाणते पाळक आणि वडीलजन आपल्या मंडळीत याची काळजी घेतात.

दानाचा विनियोग पाहिला म्हणजे त्याची आवश्यकता अधिक स्पष्ट होते. एके काळी शाळा, दवाखाने आणि उपदेशकांचे वेतन यांचा मोठा भार परदेशी मिशनवर असे. भारतातील मेथडिस्ट चर्च १९८१ मध्ये स्वायत्त झाले. कॅथलिकांचा गुलबर्गा धर्मप्रांत २००५ मध्ये स्वतंत्रपणे स्थापन झाला. चर्च कोणतेही असो, स्थानिक मंडळीला आपल्या पायांवर उभे राहणे प्राप्त आहे. पाळकाचा निर्वाह, इमारतीची डागडुजी, आजाऱ्याला दिलासा, अंत्यविधीचा खर्च, हुशार मुलाची फी, या साऱ्यांचा उगम अखेर सभासदांच्या अर्पणातच असतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा ख्रिस्ती झालेल्या दलितांना मिळत नाही. तो पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना लागू झाला. त्यामुळे या वस्त्यांतील मुलांच्या शिक्षणाला मंडळीचा आधार किती मोलाचा आहे, हे सांगावयास नको.

आता शेतावर राबणारी तरुण पिढी हैदराबाद, पुणे, मुंबई येथे कामाला गेली आहे. सुपाची जागा पाकिटाने घेतली. शहरातून आलेले पैसे मंडळीला निश्चितच उपयोगी पडतात, आणि त्यांमागील भावनाही खरी असते. परंतु पाकीट बंद असते. त्यात पावसाची ओढ, किडीने खाल्लेली शेंग, शेजाऱ्याने दिलेले बियाणे, यांपैकी काही दिसत नाही. वेदीपुढचे धान्य हे सारे उघड सांगते. यंदा कोणाचे पीक बुडाले, हेही त्या दिवशी न विचारता समजते, आणि ज्याचे सूप रिकामे राहिले त्याच्या घरी संध्याकाळी कोणी तरी जाऊन येते. कृतज्ञतेचा सण शेजाऱ्याच्या विचारपूसेचा सण होतो, तो असा.

या भूमीला हा विचार नवा नाही. बाराव्या शतकात याच जिल्ह्यातील कल्याणात बसवेश्वरांनी कायक आणि दासोह यांची सांगड घातली. स्वतःच्या श्रमाने मिळविलेले समाजाच्या पंक्तीत ठेवावे, अशी ती शिकवण होती. बिदरच्या नानक झिरा गुरुद्वारात लंगर चालतो आणि त्या पंक्तीत जात विचारली जात नाही. सुगीच्या रविवारी वेदीपुढे ठेवलेले सूप याच परंपरांच्या शेजारी बसते. श्रद्धेची भाषा प्रत्येकाची वेगळी असली तरी सर्वांच्या ठायी जाणीव एकच आहे: हाती आलेले पीक केवळ आपल्या कर्तृत्वाचे नसते. पाऊस, माती, बैल, मजूर आणि शेजारी यांचे त्यात देणे असते. ते देणे मान्य करणे म्हणजे कृतज्ञता, आणि ते फेडण्याचा यथाशक्ती प्रयत्न म्हणजे दान. हा प्रयत्न करण्याची मुभा गावातील अखेरच्या माणसालाही असेल, तोवर त्या गावाला समाज म्हणता येईल.