वायुवाहतूक-नियंत्रक होण्याची तयारी

विज्ञानशाखेकडे जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस विमानाविषयीं मोठें कुतूहल असतें. परंतु विमान म्हटलें कीं त्यांच्या डोळ्यांपुढें वैमानिकच उभा राहतो. त्या वैमानिकास केव्हां उडावें, किती उंचीवर राहावें, केव्हां उतरावें हें भूमीवर बसून सांगणारा जो मनुष्य, त्याचें नांवही पुष्कळांस ठाऊक नसतें. त्यास वायुवाहतूक-नियंत्रक म्हणतात. वैमानिकाच्या शिक्षणाचा लाखों रुपयांचा खर्च ज्यांस झेपत नाहीं, अशा घरांतील मुलामुलींस हा मार्ग मोकळा आहे. तरीही पुष्कळजण तो चालून पाहण्यापूर्वींच सोडून देतात, आणि कारण विचारलें असतां सांगतात, "आमचें इंग्रजी तसें नाहीं." हें कारण कितपत खरें, तें पाहूं.

१९२९ सालीं अमेरिकेंतील सेंट लुई येथें आर्ची लीग नांवाचा मनुष्य हातगाडींत खुर्ची, छत्री व दोन निशाणें घालून विमानतळावर जाऊन बसे. एक निशाण 'चला' म्हणण्याकरितां, दुसरें 'थांबा' म्हणण्याकरितां. आज मुंबईच्या विमानतळावर दोन धांवपट्ट्या एकमेकींस छेदून जातात, त्यामुळें एका वेळीं एकीवरच काम चालतें. आणि त्या एकीवर गर्दीच्या वेळीं तासाला चाळीसांहून अधिक विमानें चढतात-उतरतात. एकमेकांजवळ येणाऱ्या विमानांत सामान्यतः निदान एक हजार फुटांचें उभें अंतर राखावें लागतें. उंच मनोऱ्यांतील नियंत्रकास विमानें डोळ्यांनीं दिसतात. परंतु दूरच्या मार्गांवर लक्ष ठेवणारे नियंत्रक खिडकी नसलेल्या खोलींत पडद्यापुढें बसलेले असतात. त्यांच्या हातीं साधन एकच, तें म्हणजे शब्द.

तो शब्द संदिग्ध असला तर काय होतें? २७ मार्च १९७७ रोजीं टेनेरीफ बेटावरील विमानतळावर दाट धुकें पडलें होतें. एक डच विमान धांवपट्टीच्या टोकाशीं उभें होतें. दुसरें, अमेरिकन, त्याच धांवपट्टीवरून अजून सरकत होतें. डच विमानास पुढील मार्ग तेवढा कळविण्यांत आला होता. उड्डाणाची परवानगी मिळालेली नव्हती. परंतु मार्गाच्या त्या संदेशांत 'टेक-ऑफ' हा शब्द येऊन गेला होता. तो संदेश परत म्हणून दाखवितांना सहवैमानिकानें 'आम्ही टेक-ऑफला आहोंत' अशा अर्थाचे शब्द शेवटीं जोडले. त्यांचा अर्थ 'सज्ज आहोंत' असाही होतो आणि 'निघालों' असाही होतो. नियंत्रकानें 'ओके' म्हटलें व मागाहून थांबण्यास सांगितलें. पण त्याच क्षणीं अमेरिकन विमानही बोलूं लागलें, आणि दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून गेले. ५८३ माणसें मृत्यू पावलीं. तेव्हांपासून 'टेक-ऑफ' हा शब्द उड्डाणाची परवानगी देतांना वा ती रद्द करतांनाच उच्चारावा, एरवीं दुसरा शब्द योजावा, असा दंडक पडला.

आपल्या देशांत १२ नोव्हेंबर १९९६ रोजीं हरियाणांतील चरखी दादरीवर सौदी व कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसें दगावलीं. दिल्लीच्या नियंत्रकानें एकास १४,००० व दुसऱ्यास १५,००० फुटांवर राहण्यास सांगितलें होतें. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खालीं उतरलें. चौकशींत त्या वैमानिकांच्या तोकड्या इंग्रजीकडेही बोट दाखविण्यांत आलें. तेव्हां इंग्रजी यावयास पाहिजे, यांत शंका नाहीं. प्रश्न आहे तो कोणतें इंग्रजी, हा.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनें भाषेच्या सहा पायऱ्या ठरविल्या असून चौथी पायरी गांठली म्हणजे काम करतां येतें. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद अशीं सहा अंगें तींत तपासतात. चौथ्या पायरीवरील उच्चारांत मातृभाषेची छाया असली तरी चालते. ऐकणारास समजण्यास तिचा वरचेवर अडथळा होऊं नये, एवढीच अट आहे. म्हणजे साहेबी थाटाचें बोलणें येथें कोणी मागत नाहीं. झरझर बोलून शब्दांचीं शेपटें गिळणाऱ्या शहरी मुलापेक्षां सावकाश व स्पष्ट बोलणारी खेड्यांतील मुलगी या कामास अधिक योग्य, असें माझें मत आहे.

आंकड्यांची गोष्ट आम्हां मराठी माणसांस विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. आपण 'त्रेचाळीस' म्हणतों तेव्हां तीन आधीं येतात आणि चाळीस मागून. 'एकोणसाठ' ऐकून ५९ लिहितांना लहान मूल हमखास अडखळतें. २०१९ सालीं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत 'वीस तीन' अशी वाचनाची रीत आली तेव्हां केवढा वाद माजला, हें पालकांस आठवत असेल. विमानाच्या बोलींत दिशा, ध्वनिलहरी इत्यादिकांचे आंकडे सुटे सुटे उच्चारतात. आणि पांचास 'फाइफ' व नवास 'नाइनर' म्हणतात, कारण खरखरत्या ध्वनियंत्रांत 'फाइव्ह' व 'नाइन' सारखेच ऐकू येतात. वैमानिकानें मिळालेली आज्ञा उलट म्हणून दाखवावयाची आणि नियंत्रकानें ती कान देऊन तपासावयाची, हा नित्याचा नियम आहे.

ही तयारी घरींही होऊं शकते. एकानें सहा अंक एकदांच वाचावे, दुसऱ्यानें ते न लिहितां परत म्हणावे. पहिल्यानें मधूनच मुद्दाम चूक करावी आणि दुसऱ्यानें ती पकडावी. रोज इंग्रजी वर्तमानपत्राचा एक परिच्छेद मोठ्यानें वाचावा. निवडीच्या वेळीं आवाजाची चाचणी असते, तींत हाच अभ्यास उपयोगी पडतो. ब्रिटनसारख्या देशांत मुलाखतही घेतात. तेथें पाठ केलेलें भाषण करूं नये. प्रश्न पुरता ऐकावा आणि जेवढें विचारलें तेवढ्याचेंच उत्तर द्यावें.

भारतांत ही भरती भारतीय विमानतळ प्राधिकरण करितें. पदार्थविज्ञान व गणित घेऊन विज्ञानाची पदवी अथवा अभियांत्रिकीची पदवी लागते. वयाची मर्यादा २७ वर्षें. राखीव वर्गांस सवलत आहे. २०२३ सालच्या भरतींत १२० मिनिटांत १२० प्रश्न होते व चुकीच्या उत्तरास गुण कापले जात नव्हते. लेखी परीक्षेनंतर आवाज, मानसिक कल, मादक द्रव्यांचें सेवन व शरीरप्रकृति यांची तपासणी होते. चष्मा चालतो, रंग मात्र नीट ओळखतां आले पाहिजेत, आणि तें आधींच डोळ्यांच्या वैद्याकडून पाहून घ्यावें. पैसे घेऊन नोकरी लावून देतों म्हणणारास पालकांनीं उंबरठाही ओलांडूं देऊं नये.

निवड झाली म्हणजे प्रयागराज, हैदराबाद किंवा आपल्याच विदर्भांतील गोंदिया येथील संस्थेंत शिक्षण सुरू होतें. तेथें खोट्या पडद्यावर खोटीं विमानें चालवून खरा घाम काढतात. पुढें नेमणुकीच्या जागीं उमेदवार प्रत्यक्ष विमानांशीं बोलूं लागतो. त्या वेळीं अनुभवी नियंत्रक शेजारीं बसून प्रत्येक शब्द ऐकत असतो, आणि शब्द चुकला कीं तत्क्षणीं स्वतः बोलून तो सुधारतो. तेथील परीक्षा उतरल्याशिवाय एकट्यानें त्या जागीं बसतां येत नाहीं. आणि बदली होऊन दुसऱ्या विमानतळावर गेल्यास तेथल्या कामाची परीक्षा पुन्हां द्यावी लागते.